करवीर शहराचा इतिहास : गॅझेटिअरमधील नगरवर्णनाचें परीक्षण

(१)

कोल्हापूर शहराविषयीं आजवर जें जें छापून निघालें आहे त्याचें मूळ शोधूं लागल्यास तें बहुधा दोन इंग्रजी पुस्तकांत सांपडतें. पहिलें, मेजर ग्रॅहॅम यांनीं कोल्हापूर संस्थानावर लिहिलेला व मुंबई सरकारच्या दप्तरांतील निवडक कागदांच्या मालेंत इ. स. १८५४ सालीं प्रसिद्ध झालेला अहवाल. आणि दुसरें, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा इ. स. १८८६ चा चोविसावा खंड. इ. स. १९६० सालीं निघालेला जिल्ह्याचा नवा गॅझेटिअर, यात्रेकरूंसाठीं छापलेलीं माहितीपुस्तकें, संस्थांच्या स्मरणिका व वर्तमानपत्रांचे खास अंक या सर्वांनीं कमीअधिक प्रमाणांत याच दोन विहिरींचें पाणी भरलें आहे. पाणी भरणाऱ्यांस दोष नाहीं. पण विहीर कोणीं, कोठें व कशासाठीं खणली होती हें पाहिल्यावांचून तिचें पाणी सर्व कामांस चालेल असें मानणें बरोबर नव्हे. तेव्हां या नगरवर्णनाचें गुणदोषविवेचन करून शहराच्या इतिहासाची मांडणी कोणत्या पायावर व्हावी याचा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

आरंभीं या ग्रंथांचे गुण मोकळ्या मनानें मान्य केले पाहिजेत. ज्या काळांत आपल्याकडे शहराच्या वेशी, तळीं, पेठा, देवळें, बाजार यांची एकत्र नोंद करावी असें कोणाच्या मनांतहि आलें नव्हतें, त्या काळांत या ग्रंथकारांनीं ती केली. पुढें बुजलेलीं तळीं व पडलेल्या वेशी यांचीं नांवें ज्या कागदांवर आज शोधावीं लागतात त्यांत हे ग्रंथ अग्रभागीं आहेत. परंतु ग्रॅहॅम हे गडकऱ्यांच्या इ. स. १८४४ च्या बंडानंतर संस्थानाच्या बंदोबस्तावर नेमलेले अधिकारी होते. वसूल काय, इनामें किती, बंडाळीचें मूळ कोठें, हे त्यांचे प्रश्न होते. शहर हें त्यांच्या दृष्टीनें संस्थानाचें ठाणें होतें. ज्यास जें शोधावयाचें असतें तेंच त्यास प्रथम दिसतें, हा न्याय येथेंहि लागू आहे.

गॅझेटिअरचा दोष निराळा असून तो त्याच्या रचनेंतच आहे. त्या मालेंत इतिहासाचें प्रकरण एक आणि स्थळांचें प्रकरण दुसरें. इतिहासाच्या प्रकरणांत राजघराण्यांच्या वंशावळी, लढाया व तह येतात. स्थळांच्या प्रकरणांत, ग्रंथाच्या शेवटीं, अक्षरानुक्रमानें गांवें येतात व त्यांत कोल्हापूर शहराचा क्रम लागतो. परिणाम असा होतो कीं इतिहास आहे तेथें शहर नाहीं, आणि शहर आहे तेथें इतिहास नाहीं. उदाहरणार्थ, इ. स. १८५७ च्या जुलैअखेर सत्ताविसाव्या पलटणीनें केलेला उठाव व त्यानंतर ६ डिसेंबर रोजीं शहराच्या वेशी बंद करून झालेला उठाव यांची हकीकत राज्याच्या इतिहासांत मोडते, आणि त्या वेशी व त्यांच्या आंतील वस्ती यांचें वर्णन पुस्तकाच्या शेवटच्या टोकास पडतें. वेशी कोणीं लावल्या, कोणत्या पेठेंतील लोक सामील झाले, कोणते घरांत बसून राहिले, हे प्रश्न या दोन प्रकरणांच्या मधल्या फटींतून गळून जातात. चिमासाहेबांना कराचीस पाठविल्याचें प्रत्येकास ठाऊक असतें. शहराचें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं.

(२)

या रचनेमुळें एक मोठा गैरसमज रूढ झाला आहे. शहराचा इतिहास म्हणजे गादीचा इतिहास, असें आपण मानूं लागलों आहों. आतां सालें पाहावीं. महाराणी ताराबाईंनीं इ. स. १७१० च्या सुमारास स्वतंत्र गादी मांडली ती पन्हाळ्यास. इ. स. १७१४ सालीं राज्यक्रांति होऊन संभाजी महाराज गादीवर आले, तेहि पन्हाळ्यासच. इ. स. १७३१ च्या वारणेच्या तहानें दोन गाद्यांच्या हद्दी ठरल्या तेव्हांहि राजधानी गडावरच होती. ती कोल्हापुरांत आली, गॅझेटिअरप्रमाणें, इ. स. १७८२ सालीं. संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें तें १ मार्च १९४९ रोजीं. म्हणजे छत्रपतींची राजधानी या नात्यानें या शहराचें आयुष्य अवघें १६७ वर्षांचें. ज्या शहराच्या एका टेकाडांत सातवाहनकालीन घरांचे पाये निघाले आहेत, त्याच्या सुमारें दोन हजार वर्षांच्या आयुष्यांतील हा बारावा हिस्सा होय. तो तेजस्वी आहे, त्याचे कागद विपुल आहेत. पण बाराव्या हिश्श्यावरून सबंध क्षेत्राची मोजणी होत नाहीं.

यांत गादीचा अनादर करण्याचा हेतु मुळींच नाहीं. उलट, गादी या शहरांत कां आली हें समजण्यासाठींच आधींचें शहर समजणें जरूर आहे. गादीनें शहर वसविलें नाहीं. वसलेल्या, नांदत्या शहरांत ती आली.

(३)

आतां नगरवर्णनांतील एकेक मुद्दा घेऊं. सर्वांत महत्त्वाचा, आणि माझ्या मतें सर्वांत फलदायी मुद्दा सहा वस्त्यांचा. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा व रावणेश्वर या सहा जुन्या वस्त्या मिळून आजचें शहर झालें, ही हकीकत नगरवर्णनांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. ती निराधार नाहीं. परंतु ती जशी सांगितली जाते तशी स्वीकारतां येत नाहीं, आणि त्याचीं कारणें तीन.

पहिलें कारण असें कीं या सहा वस्त्या एका ओळींत लिहिल्यामुळें त्या एकाच काळीं शेजारीशेजारी नांदत होत्या असा भास होतो. यांपैकीं पद्धतशीर खोदून पाहिलेली वस्ती एकच, ती ब्रह्मपुरी. उरलेल्या पांचांच्या प्राचीनत्वाविषयीं आपणांजवळ नांव, देवस्थान व आख्यायिका एवढाच पुरावा आहे. एकीचें वय मोजून तें सहांच्या नांवें लिहिणें ही रीति हिशेबाला धरून नाहीं.

दुसरें कारण नांवांतच आहे. पहिलीं तीन नांवें नदीच्या अंगाच्या वस्तीचीं व तेथील देवस्थानांचीं आहेत. शेवटचीं तीन नांवें तळ्यांचीं आहेत. नदीच्या आधारानें वसलेली वस्ती आणि तळ्याच्या आधारानें वसलेली वस्ती या दोन निरनिराळ्या अवस्था होत. पहिलींत पाणी आयतें मिळतें. दुसरींत तें अडवावें, साठवावें व राखावें लागतें, आणि त्यासाठीं कांहीं सत्ता, कांहीं संघटना व कांहीं द्रव्य लागतें. तेव्हां सहा वस्त्यांची ही यादी वस्तुतः दोन थरांची यादी आहे, असें माझें अनुमान आहे. तें खोडावयाचें असल्यास तळ्यांच्या कांठचे पुरावे पुढें यावेत.

तिसरें कारण सर्वांत विचार करण्याजोगें आहे. ज्या महालक्ष्मीच्या देवळाभोंवतीं आज सारें शहर फिरतें, त्या देवळाची वस्ती या सहांत नाहीं. ही चूक म्हणून सोडून देतां येणार नाहीं. कारण आख्यायिका बहुधा प्रसिद्ध गोष्ट वगळीत नाहींत, घुसडतात. देवळाचें नांव यादींत नाहीं याचा सरळ अर्थ असा होऊं शकतो कीं देवळाचा परिसर ही सातवी वस्ती नसून सहांना एकत्र ओढणारें केंद्र होतें. वस्त्या आधीं, केंद्र मागून. तसें असल्यास क्षेत्र आणि गांव यांचा संबंध माहात्म्यग्रंथ सांगतात त्याच्या उलट लावावा लागेल. याचा निकाल आज देतां येत नाहीं, पण प्रश्न मांडल्यावांचून पुढें जातांहि येत नाहीं.

ब्रह्मपुरीविषयीं मात्र आपणांस ग्रॅहॅम किंवा १८८६ चे गॅझेटिअरकार यांच्यापेक्षां पुष्कळ अधिक माहिती आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथें सांपडलेल्या नाण्यांवर वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर व गोतमीपुत विळिवायकुर हीं नांवें वाचलीं गेलीं. टॉलेमीनें दुसऱ्या शतकांत बलेओकूरोस या राजाची राजधानी म्हणून हिप्पोकूरा नांवाचें नगर दिलें आहे. राजाच्या नांवांतील साम्यावरून विद्वानांनीं तें विळिवायकुराशीं जोडलें. राजाचें साम्य पटण्याजोगें आहे. पण त्यावरून नगर कोल्हापूरच, असें म्हणण्यापर्यंत उडी मारणें घाईचें होय. शहरांतच एका स्तूपांतून धातुकरंडक निघाला व पेटीच्या झाकणावरील ब्राह्मी लेखांत, ब्रह्म नामक दात्याचें हें दान धर्मगुप्तानें करविलें, अशा अर्थाचे शब्द मिळाले. पुढें इ. स. १९४४ ते १९४६ या काळांत ब्रह्मपुरीवर खोदकाम झालें. प्रथम प्रा. कुंदणगार यांनीं हें काम आरंभिलें व नंतर डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं तें थरवार पद्धतीनें केलें. त्याचा वृत्तांत इ. स. १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. खालच्या थरांत सातवाहनकालीन विटांचीं घरें, वरच्या थरांत बहामनी काळची वस्ती, आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे कांशाच्या वस्तूंचा सांठा, ज्यांत रोमन बनावटीची समुद्रदेव पोसायडनची लहानशी मूर्ति होती. ती आज नगरभवनांतील, म्हणजे टाउन हॉलमधील, संग्रहालयांत पाहावयास मिळते.

ही मूर्ति पाहणारे बहुधा तिच्या सौंदर्यापाशीं थांबतात. शहराच्या इतिहासकारानें मात्र तिला दुसराच प्रश्न विचारावा. समुद्रापासून घाटानें तुटलेल्या या गांवांत समुद्राचा देव कोणाच्या घरीं आला? तो राजाच्या नजराण्यांतून आला असेल, व्यापाऱ्याच्या गोणींतूनहि आला असेल. कसाहि आला तरी घाटाखालच्या बंदरांशीं या गांवाचें दळणवळण होतें, एवढें त्यावरून निश्चित होतें. शहराचें पहिलें रूप देवस्थानाचें नव्हे व राजधानीचेंहि नव्हे. घाटमाथ्यावरील पेठेचें असावें, असें मानण्यास येथें पहिला आधार मिळतो.

(४)

दुसरा मुद्दा भूकंपाचा. आठव्या किंवा नवव्या शतकांत मोठा भूकंप होऊन जुनें करवीर उलथलें व देवळें जमिनींत गडप झालीं, ही कल्पना या जुन्या इंग्रजी पुस्तकांतून रूढ झाली व अजून अधूनमधून डोकें वर काढते. पुरावा म्हणून जमिनीखालीं सांपडलेलीं लहान देवळें दाखविलीं जातात. खोलखंडोबा हें नांवहि यास पोषक वाटतें. देव खोल आहे, म्हणजे तो खचला असला पाहिजे, असा तर्क.

हा तर्क टिकत नाहीं. भूकंपानें देऊळ पडतें, भंगतें, कलतें. जसेंच्या तसें सरळ खालीं उतरत नाहीं. ज्या गांवांत शेंकडों वर्षें मातीच्या भिंती पडतात व त्यांच्याच ढिगावर नव्या उभ्या राहतात, त्या गांवाची जमीनच वर चढते. दगडाचें देऊळ मात्र जागचें हलत नाहीं, म्हणून तें खोल गेल्यासारखें दिसतें. त्यांत येथें नदीची भर. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून झालेली पंचगंगा पुरांत काय करते हें सांगावयास जुने कागद नकोत. इ. स. १९८९, २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहिलेले लोक आज हयात आहेत. प्रत्येक पुरानें बोटभर गाळ टाकला असें धरलें तरी हजार वर्षांत देवळाची पायरी दिसेनाशी होण्यास भूकंपाची गरज उरत नाहीं. भूकंप झालाच नसेल असें माझें म्हणणें नाहीं; ज्या गोष्टीसाठीं तो बोलाविला आहे तिला त्याचें साहाय्य नको, एवढेंच.

येथें एक सूचना करावीशी वाटते. या चार महापुरांत पाणी कोणत्या गल्लींत कोठवर चढलें याच्या खुणा पुष्कळ ठिकाणीं भिंतींवर आहेत व माणसांच्या स्मरणांत आहेत. त्या नकाशावर घेऊन सहा जुन्या वस्त्यांच्या उंचीशीं ताडून पाहिल्यास कोणती वस्ती आधींची व कोणती मागची याविषयीं आख्यायिकांपेक्षां अधिक भरंवशाचें अनुमान निघेल.

(५)

तिसरा मुद्दा शिलाहारकालाचा. आणि येथें गॅझेटिअरचें वर्णन सर्वांत अपुरें आहे. अर्थात् त्यास तो दोष सर्वस्वीं लावतां येणार नाहीं, कारण येथील शिलालेखांचें मोठें संपादन नंतर झालें. कुंदणगार यांनीं उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थानांतील लेखांचा संग्रह इ. स. १९३९ सालीं काढला व म. म. मिराशी यांनीं शिलाहारांचे लेख इ. स. १९७७ सालीं एकत्र प्रसिद्ध केले. दोष आहे तो त्यानंतर लिहिणाऱ्यांचा. ते लेख हाताशीं असूनहि शहराच्या बाजारपेठेचा इतिहास अद्यापि एकोणिसाव्या शतकापासून सुरू करण्याचा प्रघात आहे.

गंडरादित्याच्या कारकीर्दींतील शक १०५८ चा (इ. स. ११३५-३६) कोल्हापूरचा लेख पाहावा. तो कानडी आहे. निंबदेव सामंतानें कवडेगोल्लाच्या बाजारांत बांधलेल्या पार्श्वनाथाच्या बस्तीस दान दिल्याचें तो सांगतो. पण दान देणारा राजा नाहीं. दान देत आहेत व्यापारी. अय्यावोळे येथील पांचशेंच्या परंपरेंतील वीर-बणंजु व्यापाऱ्यांचे प्रमुख, कोल्लापूर, मिरज इत्यादि ठिकाणांहून जमून, आपल्या मालावर पट्ट्या बसवून त्या देवास लावून देतात. म्हणजे बाराव्या शतकांत या शहरांत व्यापाऱ्यांची अशी एक सभा भरत होती जी स्वतःवर कर बसवूं शकत होती व तो वसूलहि करूं शकत होती. कोल्हापूरची नगरपालिका इ. स. १८५४ सालीं स्थापन झाली, ग्रॅहॅमचा अहवाल छापला त्याच सालीं. आणि शहराचा कारभार शहरानें करण्याचा आरंभ तेव्हांपासून झाला असें आपण म्हणतों. त्याच्या सातशें वर्षें आधींची ही सभा त्या आरंभाला आजी शोभेल.

याच लेखांवरून दुसरी एक गोष्ट दिसते. या शहराचें पूर्ववय दुभाषी होतें, आणि त्यांत जैनांचा वाटा लहान नव्हता. निंबदेवाचें रूपनारायण जिनालय, त्याचे आचार्य माघनंदि, आणि आजहि शुक्रवार पेठेंत असलेला लक्ष्मीसेन मठ ही एक अखंड नसली तरी ओळखतां येणारी परंपरा आहे. इ. स. १२०५ सालीं द्वितीय भोजाच्या राज्यांत सोमदेवानें शब्दार्णवचंद्रिका हा व्याकरणग्रंथ रचला तो आजरें येथें. म्हणजे या मुलखांत विद्येचाहि व्यवहार होता. इ. स. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणानें भोजास जिंकलें व शिलाहारांचें राज्य संपलें. राज्य संपलें, पेठ संपली नाहीं.

नांवाविषयींहि येथेंच बोलणें योग्य. कोलासुराच्या कथेवरून कोल्हापूर, हें माहात्म्यकारांचें मत सर्वांस माहीत आहे. लेखांत कोल्लापूर हें रूप येतें व संस्कृत लिहिणारे त्याचें क्षुल्लकपूर करतात. ज्या शहराच्या नांवाचें संस्कृत रूप करतांना त्याच काळच्या पंडितांस क्षुल्लक हा शब्द सुचला, त्यांच्या डोळ्यांपुढें कोलासुराची कथा प्रमाण म्हणून उभी नव्हती, एवढें तरी त्यावरून म्हणतां येईल.

(६)

चौथा मुद्दा देवीच्या पुनःस्थापनेचा. परंपरा अशी कीं मुसलमानी अमलांत पूजाऱ्यानें जपून ठेवलेली महालक्ष्मीची मूर्ति संभाजी महाराजांच्या आज्ञेनें सिधोजी हिंदुराव घोरपडे यांनीं पुन्हां देवळांत स्थापिली. प्रचलित लेखनांत याची तारीख २६ सप्टेंबर १७१५, सोमवार, विजयादशमी अशी दिलेली आढळते. ही तारीख खरी कीं मागून रचलेली, असा संशय घेणारे भेटतात. कारण आजच्या इंग्रजी पद्धतीनें मागें मोजीत गेल्यास त्या वर्षीं २६ सप्टेंबरला दसरा येत नाहीं, भाद्रपद वद्याचा शेवट येतो.

संशय योग्य आहे, पण उत्तरहि सोपें आहे. त्या काळीं इंग्रज जुनें पंचांग वापरीत व तें नव्यापेक्षां अकरा दिवस मागें होतें. जुन्या पंचांगाची २६ सप्टेंबर ही नव्याची ७ ऑक्टोबर. त्या वर्षीं ३ मे रोजीं (नव्या पंचांगाप्रमाणें) इंग्लंडांत दिसलेलें खग्रास सूर्यग्रहण ज्योतिषांत प्रसिद्धच आहे. म्हणजे त्या दिवशीं अमावास्या. तेथून पांच चांद्रमास मोजल्यास सप्टेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास पुन्हां अमावास्या येते. त्यानंतर घटस्थापना, आणि दहाव्या दिवशीं ७ ऑक्टोबर. वारहि सोमवारच येतो. तिथि, वार व तारीख यांचा असा मेळ बसणें हा योगायोग असण्याचा संभव थोडा. तेव्हां ही तारीख कोणा जुन्या नोंदीवरून, जुन्या पंचांगाप्रमाणें रूपांतर करून आलेली असावी. मात्र ज्यांना इंग्रजी तारखेनें त्या दिवसाचें स्मरण करावयाचें असेल त्यांनीं २६ सप्टेंबर धरूं नये. आणि ज्यांच्या संग्रहीं ती मूळ नोंद असेल त्यांनीं ती उजेडांत आणावी.

या तारखेचें महत्त्व पंचांगापुरतें नाहीं. इ. स. १७१५ सालीं देवी शहरांत आली व गादी इ. स. १७८२ सालीं. मधलीं सदुसष्ट वर्षें देवी शहरांत आणि गादी गडावर. या काळांत शहर क्षेत्र म्हणून वाढलें, यात्रा भरली, पूजाऱ्यांचीं व व्यापाऱ्यांचीं घरें स्थिरावलीं. आणि मग गड उतरून दरबार आला. देवीच्या सावलींत गादी आली, हें म्हणणें भाविकांचें असलें तरी सालें त्याच्या बाजूचीं आहेत.

(७)

शेवटचा मुद्दा शहराच्या स्वभावाचा. कोल्हापूर म्हटलें कीं तालीम, कुस्ती, गूळ, चप्पल, झणझणीत रस्सा, रांगडें बोलणें आणि मोकळें मन, असें चित्र रंगविण्याची आतां रीतच पडली आहे. आणि हा स्वभाव शिवकालापासून किंवा त्याच्याहि आधींपासून जसाच्या तसा चालत आला असें सूचित केलें जातें. चित्र खोटें नाहीं. पण त्यांतील रंग केव्हां भरले गेले हें पाहिलें म्हणजे नवल वाटतें.

मिरजेहून रेल्वे आली इ. स. १८९१ सालीं. शाहू महाराजांच्या हातीं राज्यकारभार आला इ. स. १८९४ सालीं व पुढच्याच वर्षीं शाहूपुरीची पेठ वसूं लागली. गुळाच्या व्यापाराला जें रूप आलें तें या दोन गोष्टींनंतर. निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें इ. स. १९०१ पासून निघूं लागलीं. मागासलेल्या वर्गांस नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम २६ जुलै १९०२ चा. कापडाची गिरणी इ. स. १९०६ ची. खासबागेचें कुस्तीचें मैदान इ. स. १९१२ चें. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इ. स. १९१७ ची, प्रभात इ. स. १९२९ ची, आणि प्रभात चारच वर्षांत पुण्यास गेली. म्हणजे ज्यास आपण शहराचा सनातन स्वभाव म्हणतों त्याचा मोठा भाग सुमारें चाळीस वर्षांत, एका कर्तबगार राजाच्या धोरणानें, रेल्वेनें व उसानें घडविला. त्यापूर्वीं येथें कुस्ती नव्हती किंवा गूळ होत नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्या शहराची ओळख बनल्या त्या या काळांत.

हें ध्यानांत घेतल्यानें शाहू महाराजांचें मोठेपण कमी होत नाहीं, वाढतें. स्वभाव सनातन असता तर त्यांनीं काय केलें, असा प्रश्न उरला असता. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट कबूल करावी लागते. नव्या रंगाखालीं जुना रंग दडला. शंभर वर्षांपूर्वींचें शहर आपणांस इतकें स्पष्ट दिसतें कीं आठशें वर्षांपूर्वींचें, कानडी बोलणारें, सभा भरवून स्वतःवर पट्टी बसविणारें व्यापारी शहर आपलें वाटेनासें झालें आहे.

(८)

गॅझेटिअरनंतर काम झालें नाहीं असें नव्हे. मा. वि. गुजर यांनीं करवीर छत्रपति घराण्याच्या इतिहासाचीं साधनें खंडशः काढलीं, स. मा. गर्गे यांनीं इ. स. १९६८ सालीं करवीर रियासत लिहिली, डॉ. आप्पासाहेब पवार यांनीं ताराबाईकालीन कागदपत्रें संपादिलीं. हीं कामें नसतीं तर प्रस्तुत लेखहि लिहितां आला नसता. परंतु या थोर ग्रंथांचा विषय, त्यांच्या नांवांवरूनच दिसतें त्याप्रमाणें, घराणें, रियासत व राज्य हा आहे. शहर हा विषय अजून कोणाचा झालेला नाहीं.

आणि वेळ थोडा आहे. वरुणतीर्थ बुजून गांधी मैदान झालें; कपिलतीर्थाच्या जागीं मंडई आहे. तीर्थांचीं नांवें तरी राहिलीं; वेशींपैकीं गंगावेस व रंकाळावेस हीं नांवें रस्त्यावरच्या थांब्यांनीं जतन केलीं आहेत. इ. स. १९०१ सालीं ५४,३७३ वस्ती असलेलें हें शहर इ. स. २०११ च्या शिरगणतींत ५,४९,२३६ झालें. दसपट माणसें राहावयाचीं म्हणजे जुनें घर पडावयाचें हें ओघानेंच आलें. घर पडतें त्यास इलाज नाहीं. पण घराबरोबर माळ्यावरचें दप्तर जातें, त्यास इलाज आहे. राज्याचे कागद सरकारी दफ्तरखान्यांत सुरक्षित आहेत. शहराचे कागद तेथें थोडे. ते पूजाऱ्यांच्या घरीं, मठांत, बस्त्यांत, पेढ्यांवर, तालमींच्या कपाटांत, कुळकर्ण्यांच्या रुमालांत आहेत. पेठेंतील घराचें खरेदीखत, तळ्याच्या गाळाची मजुरी, यात्रेच्या पट्टीचा हिशेब, दोन गल्ल्यांच्या भांडणाचा महजर यांस आजवर संग्राहकांनीं फारशी किंमत दिली नाहीं, कारण त्यांवर राजाचा शिक्का नसतो. शहराच्या इतिहासास हेच कागद सनदेहून मोलाचे आहेत.

म्हणून वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरीं कोल्हापूरच्या पेठांतून आलेले मोडी रुमाल आहेत अशांस, विनंति अशी कीं शिक्का नाहीं म्हणून कागद बाजूस टाकूं नये. त्यावर पेठेचें, तळ्याचें किंवा वेशीचें नांव असेल तर त्याची नक्कल करून ती प्रसिद्ध करावी; निदान यादी तरी करावी. सहा वस्त्यांपैकीं पांचांचें वय अजून ठरावयाचें आहे, आणि तें ठरविणारा कागद कोणाच्या माळ्यावर आहे हें आज कोणासच सांगतां येत नाहीं.